डावीकडचा कप

"हलव की शेपूट, मेल्या!" मासेवाली काचेवर खेकसली. उभ्या जन्मात तिनं एक मासा विकला नव्हता. प्रयोगशाळेतले मासे सांभाळायची, म्हणून हे नाव चिकटलं, झालं.

नखाएवढं पिल्लू, डोकं जेलीत अडकवलेलं, शेपूट मोकळी. समोरच्या पडद्यावर पट्टे. ते कितीही पोहलं तरी पट्टे जागचे हलू नयेत, अशी मुद्दाम केलेली व्यवस्था. बराच वेळ धडपडून ते गप्प पडलं होतं.

"दमलं हो बिचारं."

"दमलं नाही, मावशी," प्रयोग करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याला दिसतंय की पोहून काही सरकत नाही. मेंदूत ग्लिया नावाच्या पेशी असतात. फुकट गेलेली धडपड त्या साठवत जातात. फार साठलं की त्याच म्हणतात, पुरे आता."

"माणसातही?"

"पेशी असतात. हेच करतात का, ते अजून नक्की सांगता येत नाही."

"मग हे आता पोहायचंच नाही?"

"पोहेल की थोड्या वेळानं. पट्टे हलले, तर पोहत राहील."

मासेवालीला घर आठवलं. घरी नवरा होता, पाट्या रंगवणारा. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याला डावीकडचं दिसत नव्हतं. वस्तू डावीकडे ठेवा, मान वळवायची सवय होईल, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. हिनं उत्साहात चहा, चष्मा, पंचा, सगळं टेबलाच्या पार डाव्या टोकाला नेलं. तो चाचपडायचा, ही ओरडायची. आठवडाभर त्यानं हातच उचलला नव्हता. कालच ती म्हणाली होती, "दगड झालाय नुसता तुमचा!" आता तिला स्वतःचाच भयंकर राग आला. दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही.

घरी येताच तिनं चहा केला. कप डावीकडेच, पण त्याला जेमतेम दिसेल इतपत अलीकडे ठेवला.

"अहो, चहा."

तो ढिम्म. ती मोरीत गेली, घासलेलंच पातेलं पुन्हा घासलं, दोनदा डोकावली. तिसऱ्यांदा पाहिलं तर मान किंचित वळलेली. उजवा हात टेबलावरून सरकत गेला आणि कपाला लागला.

त्यानं चहा संपवला. "जवळ ठेवलास तू."

"काहीतरीच तुमचं! नेहमीच्याच जागी आहे."

"अगं, जन्मभर पाट्या रंगवल्यात मी. वीतभराचा फरक कळत नाही होय मला?"

त्यानं रिकामा कप टेबलावर ठेवला, बोटानं हळूहळू डावीकडे ढकलला, त्याला दिसेनासा होईपर्यंत.

"उद्या इथं ठेव," तो म्हणाला.