मी म्हणते

चौघं एकदम बोलायला लागले तेव्हा त्याचे हात हवेतच थांबले.

खिडकीजवळचा चष्मेवाला म्हणत होता की घरकाम वाटून घेणं हा बहुतेक घरांत निव्वळ देखावा असतो. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दोन मुली दोन बाजूंनी त्याच्यावर तुटून पडल्या, आणि दाराशी बसलेल्या उंच मुलाने मध्येच काहीतरी टाकलं, त्यावर सगळा वर्ग खो खो हसला. आता दुभाष्याने धरायचं कुणाला? चष्मेवाल्याला सोडावं तर त्याचं म्हणणं अर्धवट लोंबकळणार. मुलींना धरावं तर दोघींपैकी कुणाला? त्याने घाईघाईने चष्मेवाल्याचं वाक्य पुरं केलं, एका मुलीचं निम्मं सांगितलं आणि उंच मुलाचं गाळून टाकलं.

समोरच्या खुर्चीतल्या मुलीने ते बरोबर टिपलं. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वर्गात बोललेलं सगळं त्याच्या हातांतून तिच्याकडे जायचं, आणि तिच्या हातांतलं त्याच्या आवाजातून वर्गाकडे. तिने खुणेने विचारलं, “का हसले सगळे?”

“काही नाही. नंतर सांगतो,” त्याने खुणेनेच उत्तर दिलं.

तिने नजर काढून घेतली आणि वहीत मान घातली. ऐकणाऱ्याला रागाने कान मिटता येत नाहीत. तिला खाली बघितलं की पुरे. पुढची पाच मिनिटं तो खुणा करत राहिला, त्या बघणारं कुणी नव्हतं. थांबायचं नाही, असा नियम होता.

छप्पन वर्षांचा होता तो. मिशी पांढरी झालेली, आवाज घोगरा. तीस वर्षं हाच धंदा. गेलं वर्ष त्याला या मुलीबरोबर फारच सोपं गेलं होतं. तेव्हा म्हाताऱ्या सरांचं व्याख्यान असायचं. मोठा हॉल, दीडशे पोरं, आणि सर पन्नास मिनिटं एका लयीत बोलायचे. कुठे थांबतील, कुठे पाण्याचा घोट घेतील, कुठल्या वाक्याला चष्मा काढतील, हे त्याला तोंडपाठ झालं होतं. सरांच्या पाठोपाठ हात आपसूक चालायचे. कुणी प्रश्न विचारत नव्हतं, सर कुणाला विचारत नव्हते. मुलीने सगळं उतरवून घेतलं आणि ती पहिल्या वर्गात पास झाली.

यंदा ‘कुटुंब आणि समाज’ या विषयाला सरांच्या जोडीला नव्या मॅडम आल्या. व्याख्यानाची तुकडी सरांकडे राहिली, चर्चेची मॅडमनी काढली, आणि मुलीने चर्चेची निवडली. पहिल्याच दिवशी मॅडमनी बाकं बाहेर काढायला लावली, सोळा खुर्च्या गोल मांडल्या आणि म्हणाल्या, “इथे मी बोलणार नाही. आपण बोलणार आहोत.” शंभरपैकी तीस गुण त्या बोलण्याला.

त्या दिवशी मुलीने हात वर केला. तिचं म्हणणं त्याने आवाजात सांगायला घेतलं, “मी म्हणते, आमच्या घरी...” आणि वर्ग फिस्सकन हसला. मिशीवाला बाप्या ‘मी म्हणते’ म्हणतोय! पण दुभाष्याचं काम तसंच असतं. समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं; स्वतः कुठेच नाही. आजवर दुसऱ्यांच्या वतीने तो कित्येक वेळा ‘मी आलो’ म्हणाला होता आणि ‘मी आले’ही, ‘घाबरलो’ आणि ‘घाबरले’ही. एकदा तर दवाखान्यात डॉक्टरला, “मला तिसरा महिना लागलाय,” असं त्याने पापणी न हलवता सांगितलं होतं. दोन आठवड्यांत वर्गालाही सवय झाली.

सवय झाली नाही ती उशिराची. वर्गात कुणी बोललं की त्याला ते ऐकून, समजून, हातांवर आणायला दोन-चार क्षण लागत. मुलीने ते बघून, विचार करून हात वर करेपर्यंत गाडी पुढच्या मुद्द्यावर गेलेली असे. आजही तिने शेवटी नजर वर केली, हात वर केला, आणि त्याने तिचं म्हणणं मांडल्यावर मॅडम हळुवारपणे म्हणाल्या, “चांगला मुद्दा आहे. फक्त तो आपण मघाशीच मागे सोडला.”

तास संपल्यावर जिन्यापाशी मुलीने पिशवीतून एक कागद काढून त्याच्यापुढे धरला. तुकडी बदलण्याचा अर्ज. मुदत शुक्रवारपर्यंत.

“सरांच्या तुकडीत परत जाते,” ती खुणेने म्हणाली. “तुम्हाला काय वाटतं?”

“मला काही वाटत नसतं. दुभाष्याला मत नसतं.”

“तुमचं मनगट दुखतं. मला दिसतं ते. परवापासून तुम्ही अंगठा वळवत नाही, त्यामुळे तुमचं ‘घर’ आणि ‘छप्पर’ एकच दिसतं.”

तो ओशाळला. ती खरं बोलत होती. तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि निरोपाचा हात न हलवताच जिना उतरून गेली.

संध्याकाळी बायकोने त्याच्या मनगटाला गरम पाण्याची पिशवी बांधली. ती बांधताना तो अर्जाबद्दल बोलला.

“म्हणजे तुम्ही सुटलात म्हणा की,” बायको म्हणाली.

“सुटलोच. सरांच्या तासाला काय, झोपेतसुद्धा हात हलतील.”

“मग तोंड का असं पाडून बसलाय?”

घरी आल्यावर त्याला बोलायचा कंटाळा यायचा. दिवसभर दुसऱ्यांचं बोलून झालेलं असायचं. शेवटी म्हणाला, “आज सगळे हसले. तिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, नंतर सांगतो.”

“मग सांगितलंत का?”

“नाही ना. तो पोरगा काय बोलला ते आता मलाच आठवत नाही.”

बायकोने पिशवीची गाठ पुन्हा सोडली, सैल बांधली. त्याचे आई-वडील दोघंही बहिरे होते. पाच वर्षांचा असल्यापासून तो त्यांचे कान होता. दुकानात, बँकेत, सगळीकडे. शाळेत स्वतःच्याच तक्रारी त्याने मास्तरांच्या तोंडून ऐकून आईला हातांनी सांगितल्या होत्या, थोड्या सौम्य करून. आणि घरी पाहुण्यांचा घोळका जमला, सगळे हसू लागले, आईने बाहीला धरून विचारलं की म्हणायचा, नंतर सांगतो. खेळायला पळायचं असायचं त्याला.

“मी एकदा आईंना विचारलं होतं,” बायको म्हणाली. लग्नानंतर ती सासूकडूनच खुणा शिकली होती. “म्हटलं, हे तुम्हाला नंतर सांगतो म्हणतात, ते सांगतात का कधी? तर हसल्या. म्हणाल्या, ‘नंतर म्हणजे नाही, हे मी माझ्या आईकडूनच शिकले. तो पोर आहे, त्याला कशाला बोलू?’”

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही विचारलंत कधी?”

गुरुवारी तास सुरू झाला तेव्हा मॅडम म्हणाल्या, आजचा विषय, घरातले निर्णय कोण घेतं. चष्मेवाला तोंड उघडणार तेवढ्यात दुभाष्याने स्वतःचा हात वर केला.

“बोल,” मॅडम मुलीकडे बघून म्हणाल्या.

“ती नाही. मी बोलतोय,” तो म्हणाला. कुणाला काही उमगलं नाही. “मी म्हणजे मी. दुभाषी. मी म्हणतोय.” आणि बोलता बोलताच तो तेच मुलीला खुणेने सांगत होता, कारण तिच्यासमोर काही बोललं जावं आणि तिला ते कळू नये, हे त्याच्याने होणार नव्हतं. “तुम्ही चौघं एकदम बोलता तेव्हा मी तिघांना गाळतो. माझ्याकडे हात दोनच आहेत. काय गाळायचं ते मी ठरवतो, आणि तो माझा अधिकार नाही. एकाने बोलावं, बोलून झाल्यावर मनातल्या मनात पाच मोजावेत, मग दुसऱ्याने. एवढंच.”

वर्ग त्याच्याकडे असा बघत राहिला, जणू भिंतीवरचं घड्याळच बोलायला लागलंय. मॅडमचा चेहरा लाल झाला. “हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“पण मॅडम, मग ती चर्चा कसली?” उंच मुलगा म्हणाला. “रांगेत उभं राहून बोलल्यासारखं होईल. बोलण्यातला जीवच जाईल.”

त्याने तेही मुलीला सांगितलं, शब्द न् शब्द. आणि मग बघितलं तर मुलीचे हात वेगाने हलत होते, चेहरा तापलेला. तिचं वाक्य आवाजात आणण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

“मी म्हणते,” तो घोगऱ्या आवाजात बोलू लागला, “हे सांगा म्हणून यांना मी सांगितलं नव्हतं. यांनी मला न विचारता माझी बाजू मांडली. माझ्या घरी सगळे असंच करतात. मायेने करतात. पण मी वीस वर्षांची आहे.”

इथे त्याला ठसका लागला. तो सावरेपर्यंत ती थांबली, मग पुढे सांगू लागली.

“मात्र ते बोलले ते खरं आहे. तुम्ही का हसलात ते मला कळतं तेव्हा तुम्ही हसायचं थांबलेले असता. मग मी एकटी काय हसू? गेल्या वर्षी हॉलमध्ये मला सगळं कळत होतं. फक्त मी तिथे आहे हे कुणाला कळत नव्हतं. वर्षभरात माझ्याशी एकजण बोलला, आणि त्याला माझ्या बाकाखाली पडलेलं पेन हवं होतं. मी इथे भांडायला आले होते. अजून एकदाही भांडायला मिळालं नाही. अर्ज माझ्या पिशवीत आहे. द्यायचा की नाही, ते उद्या ठरवणार आहे.”

मग उंच मुलगा खुर्चीत पुढे सरकला आणि, दुभाष्याकडे नव्हे, थेट तिच्याकडे बघत म्हणाला, “मग मी मघाशी काय म्हणालो ते पोचलं का तुझ्यापर्यंत?”

“पोचलं. तुझं चुकतंय.”

“कसं काय?”

आणि तिने त्याला सांगितलं कसं ते. त्याने उलट सांगितलं. चष्मेवाला दोनदा मध्ये घुसला, दोन्ही वेळा शेजारणीने त्याला कोपराने ढोसून पाच मोजायला लावले. तिथून गाडी घरातल्या निर्णयांवर आली. अर्धा तास ते दोघं त्यावरून भांडले, आणि त्या अर्ध्या तासात दुभाष्याला मान वर करायला उसंत मिळाली नाही. तास संपला तेव्हा त्याला स्वतःच्या पिशवीची चेन लावता येईना. मुलीने त्याच्याकडे न बघता ती लावून दिली. ती अजून चिडलेलीच होती.

शुक्रवारी तिने अर्ज दिला नाही.

सोमवारी कॉलेजच्या दिव्यांग साहाय्य विभागाच्या साहेबांनी त्याला बोलावलं. वर्गातली हकिकत त्यांच्या कानावर आली होती.

“दुभाष्याने वर्गात स्वतःचं बोलू नये, हा नियम कुणी लिहिला?” त्यांनी विचारलं.

“मीच. पंधरा वर्षांपूर्वी.”

“मग?”

“मग काय. मोडला.”

साहेब चष्मा पुसत बसले. चांगला माणूस होता तो, पण कागदाला बांधलेला. “समज द्यावी लागेल. फायलीत राहील.”

“राहू द्या. पण दुसरंही एक लिहून घ्या. चर्चेचा वर्ग हे एका माणसाचं काम नाही. दोघं लागतात, वीस-वीस मिनिटांनी आळीपाळीने. तरुण हवेत. आणि मला त्यातून काढा.” त्याने डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला. मनगट, कोपर, दोन्ही. बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं त्यात.

“मुलीने मागणी केलीय की तुम्हीच हवे,” साहेब म्हणाले.

हे त्याला माहीत नव्हतं. तो खुर्चीच्या हातावरची निघालेली पट्टी अंगठ्याने दाबत राहिला. “तिला सांगा,” तो म्हणाला, “नाही, मीच सांगतो. मी आता तिच्या बोलण्याला पुरा पडत नाही. ती फार वेगाने बोलायला लागलीय.”

नवे दोघं पुढच्या आठवड्यात आले, एक मुलगा आणि एक मुलगी. चपळ हातांचे. दुभाष्याच्या उजव्या हाताला पट्टा बांधलेला होता. वर्ग भरायच्या आधी रिकाम्या गोलात उभं राहून त्याने त्यांना सगळं समजावलं. बहिऱ्या मुलीने वर्गातल्या प्रत्येकाला एक नावाची खूण दिली होती. पूर्ण नाव बोटांनी लिहीत बसायला वेळ कुणाला असतो? एकेका खुर्चीपाशी जाऊन त्याने डाव्या हाताने त्या खुणा दाखवल्या. हा बोटं मोडतो, म्हणून असा. ही सारखी केस मागे टाकते, म्हणून अशी. मॅडमची खूण हवेत एक गोल. दोघंही पटापट उचलत होते.

मुलगी लवकर आली होती. ती दाराशी उभी राहून बघत होती, कुठे चूक होतेय का.

“आणि बोलायच्या आधी ती ओठ दाबते,” तो नव्या दोघांना म्हणाला. “तेव्हा श्वास घेऊन ठेवायचा. मोठी वाक्यं येतात.”

“आणि सर, तुमची खूण?” नव्या दुभाषी मुलीने विचारलं.

“मला कुठली? दुभाष्याला खूण नसते.”

“पण घरची असेल ना? तुमचे आईवडील...”

घरची होती. आईने दिलेली, लहानपणी त्याचा एक कान बाहेर आलेला होता, म्हणून कानाच्या पाळीला दोन बोटं लावून ती चिमटल्यासारखी ओढायची. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, वडिलांना त्याआधीच. तेव्हापासून ती खूण कुणी केली नव्हती. बायको त्याला ‘अहो’ म्हणायची.

त्याने डाव्या हाताने स्वतःच्या कानाची पाळी धरून हलकेच ओढली.

दाराशी उभ्या असलेल्या मुलीने ती बघितली, आणि नवा शब्द बरोबर पाठ झालाय ना हे बघावं तशी एकदा करून दाखवली. त्याने मान हलवली. बरोबर होती.

पोरं आत येऊ लागली. खुर्च्या सरकल्या, पिशव्या टेकल्या. दोनच्या ठोक्याला खालच्या हॉलमध्ये सरांचं व्याख्यान होतं, पहिल्या वर्षाचा एक बहिरा मुलगा तिथे त्याची वाट बघत असणार. डाव्या हातानेच चालवून घ्यायचं ठरलं होतं. सर तसे सावकाश बोलतात. त्याने पिशवी डाव्या खांद्याला अडकवली आणि येणाऱ्यांना वाट देत, भिंतीच्या कडेकडेने, तो जिना उतरायला लागला.