दोन कप गार झाले

मी कॉफीची किटली बोलतेय. अंगावरची काजळी पाहून नाक मुरडू नका. उत्तर फिनलंडच्या आमच्या रानात घासून लख्ख केलेल्या किटलीला कुणी मान देत नाही. ही काजळी म्हणजे एकेका मुक्कामाच्या शेकोटीची आठवण आहे.

ताउनो आणि ओइवा हे माझे धनी, सख्खे भाऊ. पहिल्या मुक्कामाला निघाले तेव्हा आईनं मला त्यांच्या पिशवीत घातलं. मग दर शरदात आम्ही तिघं इनारीच्या पलीकडे, तळ्याकाठी तंबू ठोकायचो. कॉफी करायचा मान थोरल्या ताउनोचा. ती तीनदा वर येऊ द्यायची आणि गाळ खाली बसेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मग आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही कपांत चीजचे तुकडे टाकायचे. ओइवा पहिल्या घोटाला ठरलेलं तोंड करायचा. "दादा, ही कॉफी आहे की डांबर?"

"नको तर तळ्याचं पाणी पी," ताउनो म्हणायचा आणि त्याचा कप पुन्हा काठोकाठ भरायचा.

तळ्यामागच्या दलदलीत हिल्ला पिकायची. ही सोनेरी रानफळं कुठे सापडतात हे आमच्याकडे माणूस बायकोलाही सांगत नाही. वडिलांनी ती जागा फक्त या दोघांना दाखवली होती. एका ऑगस्टमध्ये ओइवा आपल्या मेव्हण्याला, याल्मारीला, तिथे घेऊन गेला. ताउनोला चिखलात तिसऱ्या माणसाच्या बुटांचे ठसे दिसले आणि त्यानं भावाशी बोलणं टाकलं. एक नाही, दोन नाही, तब्बल नऊ वर्षं! हसू नका. तुमच्याकडेही बांधावरून अबोले धरतातच की.

त्या वर्षांत ताउनो एकटाच यायचा. तंबूऐवजी रानात वाटसरूंसाठी खुल्या ठेवलेल्या झोपडीत उतरायचा आणि एकच कप भरायचा. माझ्यातली कॉफी उरायची, ती तो राखेत ओतायचा.

नवव्या शरदात दुपारपासून गारठलेला पाऊस झोडपत होता. मी चुलीवर होते. दार उघडलं आणि ओइवा आत आला. ओलाचिंब होता तो, आणि किती रोडावला होता! ओठ निळे पडले होते.

या झोपड्यांचा एक नियम आहे. जो शेवटी येतो त्याचा हक्क पहिला, कारण आधी आलेल्याचं अंग तोवर वाळलेलं असतं. ताउनोनं मुकाट्यानं पिशवी उचलली.

"दादा, बाक दोन आहेत. बस ना."

"नियम म्हणजे नियम," ताउनो भिंतीकडे बघत म्हणाला. बाहेर पडला आणि त्या पावसात खिडकीसमोरच तंबू ठोकत बसला.

ओइवानं मला खाली उतरवलं आणि गाळ बसू दिला. मग दोन कप भरले, दोन्हींत चीज टाकलं. दार किलकिलं करून त्यानं हाक मारली, "दादा, कॉफी!" तंबूचा पडदा हलला नाही. ओइवानं स्वतःच्या कपालाही तोंड लावलं नाही. मला त्यांच्याशी बोलता आलं असतं तर त्या दिवशी मी रान डोक्यावर घेतलं असतं.

सकाळी ताउनो आत आला तेव्हा झोपडी झाडलेली होती. पुढच्या वाटसरूसाठी फोडलेली लाकडं चुलीत रचून ठेवली होती. झोपडीतल्या वहीत प्रत्येकानं आपला पुढचा मुक्काम लिहायचा असतो. ओइवानं लिहिलं होतं, "पुढचा मुक्काम घर. दादा, तुझी कॉफी गार झाली, माफ कर."

ताउनोनं ते दोनदा वाचलं. "पुढच्या वर्षी बघू," असं मला म्हणाला.

ओइवा नाताळाआधीच गेला.

अंत्यविधीनंतर याल्मारी टोपी काढून ताउनोपुढे उभा राहिला. "दादा, त्या वेळी त्याच्या छातीत दुखायचं. भरलेल्या बादल्या उचलवत नव्हत्या, म्हणून मला नेलं. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणायचा, दादा मग मला रानात यायचं बंद करील."

"आणि तू? नंतर किती बादल्या भरल्यास?"

"एकही नाही. पुन्हा तिकडे फिरकलोसुद्धा नाही. जागा तुमच्या वडिलांची आहे. तुम्ही बोलावल्याशिवाय कसा जाऊ?"

नऊ वर्षं ताउनोनं ज्या माणसाला चोर ठरवलं होतं, त्यानं त्या जागेची राखण केली होती.

पुढच्या ऑगस्टमध्ये ताउनोनंच याल्मारीला त्या दलदलीवर नेलं. शेकोटी पेटवली, मला वर ठेवलं आणि तीन कप भरले. तिन्हींत चीज टाकलं. याल्मारीनं घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "काय हो दादा, डांबर घातलंत की काय?" ताउनो हसायला गेला आणि लहान मुलासारखा रडला. तिसरा कप तसाच गार झाला.

आता ताउनोचे गुडघे साथ देत नाहीत. मी याल्मारीच्या घरी खुंटीला असते. त्याची सून घासणी घेऊन आली की तो ओरडतो, "हात लावू नकोस तिला!" तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. काजळी राहू द्या. आणि चुलीवर कॉफी असताना आपलं कुणी भिजून दारात आलं, तर आधी दोन कप भरा. नियम मागाहून बघता येतात.