पेंडी कोणाच्या हातात

घरजावयाला गावात दोन गोष्टी आयत्या मिळतात, बायको आणि टोमणे. पोंभुर्ण्याजवळच्या सासुरवाडीत मुखरूनं जन्मभर टोमणेच जास्त मनावर घेतले. सासरा गेला, बहिणीनं हिस्सा सोडला, धानाची शेती आणि घर त्याच्या बायकोच्या, आशाबाईच्या नावावर आलं. मुखरू राबत राहिला. 'बाईच्या शेतीवर आला' असं कोणी म्हणू नये म्हणून हा शहाणा सातबाऱ्याकडे डोळा वर करून पाहायचा नाही.

आशाबाई त्याच्याहून हुशार होती. पोटी मूलबाळ नव्हतं आणि पुढचं तिला दिसत होतं. "चाला तहसीलात. तुमच्या नावानं मृत्युपत्र करून ठेवू," ती म्हणायची.

"लोक काय म्हनतीन? जमिनीसाठीच लगन केलं म्हनतीन. मले नाई पाह्यजे."

"लोक येनार हायेत का तुमाले पोसाले?"

यावर तो उठून बैलांना पाणी पाजायला जायचा.

उन्हाळ्यात आशाबाई गेली. तेरवी झाल्यावर मुखरू तलाठ्याकडे गेला. नवरा म्हणजे वारसच, आता नाव आपोआप लागेल, मागावंही लागणार नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं. तलाठी भला माणूस. त्यानं बसवून नीट समजावलं.

"भाऊ, हे जमीन बाईनं सोता घेतली असती तं तुमचीच होती. पन तिले बापाकडून आली, अन् लेकरू नाई. मंग कायद्यानं थे वापस बापाच्या वारसाकडे जाते. म्हंजे तिची बहीन, नीलाबाई."

"अन् घर?"

"घरबी बापाचंच नं. बाईनं मृत्युपत्र केलं असतं तं गोष्ट अलग होती."

मुखरूनं मान खाली घातली. ती करत होती, मीच करू दिलं नाही, हे त्याच्या तोंडून निघेना. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, हे त्याला ऑफिसच्या पायरीवरच कळलं.

नीलाबाई माजरीला राहायची. नवरा कोळशाच्या खाणीत होता. धानाचं रोवणं संपायच्या दिवशी ती शेत बघायला आली. तिच्या मुलाला शेत विकायचंय, ही खबर तिच्या आधीच गावात पोचली होती. ही बाई आज काय सांगते, एवढीच मुखरूला धास्ती. साठी उलटलेल्या माणसानं जायचं कुठे? त्याच्या स्वतःच्या गावी भावांनी त्याला वाट्यातून केव्हाच वगळलं होतं.

शेवटची बांधी, म्हणजे शेवटचं खाचर, रोवून झालं की रोवणाऱ्या बाया मालकाला धुऱ्यावर, बांधावरच अडवतात, त्याच्या हातात धानाच्या रोपांची पेंडी देतात आणि गोड खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. दरसाल मुखरू मागे सरायचा आणि आशाबाईला पुढे करायचा. यंदा बाया चिखलातून वर आल्या, त्यांच्यातली कुंता पेंडी घेऊन पुढे झाली आणि मुखरूचा हात आपसूक पुढे गेला. आशाच्या वतीनं घ्यावी, एवढंच त्याच्या मनात होतं. कुंता थबकली. मग वळून तिनं पेंडी नीलाबाईच्या हातात दिली.

"सातबाऱ्यावर आता यायचंच नाव लागनार नं, भाऊ," ती हळूच म्हणाली.

पुढे केलेला हात मुखरूनं खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसला. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. मागे कोणीतरी हसलं आणि कोणीतरी दटावलं. ते दटावणंच जास्त झोंबलं. आणि आशाबाईच्या लाख मिनतवाऱ्यांनी जे झालं नव्हतं ते आता झालं. सगळ्या बायांदेखत त्यानं मागितलं.

"नीलाबाई, मले इथीच राहू द्या. शेत मी करतो. मले दुसरी जागा नाई."

नीलाबाईचाच चेहरा पडला. "असं काऊन मांगून राह्यले, भाऊजी? लोकायसमोर," ती पुटपुटली. मग बायांकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "राहा नं. मी का तुमाले हाकलून राह्यली? पन नावाबिवाचं मनात आनू नका. पोरगं आयकनार नाई."

"नाई, नाई," मुखरू घाईनं म्हणाला. "नाव कायले?"

बाया खाऊ मागायला नीलाबाईभोवती जमल्या. मुखरू बाजूला उभा राहिला. मागितल्याची लाज तर त्याला वाटलीच. पण 'राहा' ऐकल्याबरोबर जे बरं वाटलं, त्याची लाज त्याहून मोठी होती.