ठोक्यांना कान देणारा डेन्झिल

“पैज लावतो, हे तुमच्यापैकी एकालाही पटायचं नाही,” खाणीवरच्या कपडे बदलायच्या खोलीत ओले बूट बॉयलरला टेकवत म्हातारा हेडली म्हणाला, आणि नव्या भरतीच्या गड्यांना त्याने डेन्झिलची गोष्ट सांगायला घेतली.

डेन्झिल कथिलाच्या खाणीत उतरायचा खरा, पण त्याचा जीव होता गाण्यात. चॅपलमध्ये तो खालच्या पट्टीत गायला लागला की बाकांच्या फळ्या थरथरत. त्या नाताळाला तो पहिल्यांदाच एकटा गाणार होता. “खाली ओरडू नका, घसा बसेल,” बायको लव्हडे रोज बजावायची.

सासऱ्याला धास्ती वेगळ्याच गोष्टीची. कातळाआड म्हणे बुटकी माणसं ठोके देतात. त्यांच्यापुरती डब्यातल्या पेस्टीची, त्या मांस भरलेल्या मोठ्या करंजीची, जाड कड टाकायची आणि आपला हातोडा चालू ठेवायचा. “ठोके ‘हिअर’ कर, ‘लिसन’ करू नकोस.”

“दोन्हीला कान तेच ना, सासरेबुवा?”

“अरे शहाण्या, पहिल्यात आवाज आपणहून कानावर येतो. दुसऱ्यात तू कान देतोस. आणि तू त्यांना कान दिलास की तेही तुला कान देतात.”

एके दिवशी लव्हडेची पेस्टी इतकी झकास झाली होती, की डेन्झिलने कडसुद्धा खाऊन टाकली. थोड्या वेळाने ठोके सुरू झाले. ताल ओळखीचा होता, त्याच्याच नाताळच्या गाण्याचा. फक्त शेवटची ओळ येईना. ती तरी येते का बघावं म्हणून त्याने हातोडा खाली ठेवला आणि कातळाला कान लावला.

ठोके थांबले. गाणारा उभा राहिला की चॅपल गप्प होतं, तसा सगळा डोंगर गप्प झाला. छताचं पाणी पडत होतं, पण त्याचा टपटपाट नव्हता. त्याने हातोडा हाणला. ठिणगी उडाली, आवाज नाही. “कोण आहे?” त्याचे नुसते ओठ हलले.

“कोण आहे?” कातळाआडून त्याच्याच गळ्याने कुणीतरी विचारलं. मग ते सावकाश गायला लागलं, शेवटच्या ओळीपासून.

“शिडी चढून तो वर आला, लव्हडेसमोर तोंड उघडलं, पण आत काही उरलंच नव्हतं,” हेडली हलकेच म्हणाला. “उद्या तुम्हाला त्याच बोगद्यात जायचंय. गाणं कानावर येईल. थांबू नका.”

तेवढ्यात गड्यांच्या बुडाखालचा बाक थरथरला.

“हेडली, लेका, थापा पुरे,” दारातून खर्जातला आवाज आला. “रविवारी मी गात होतो तेव्हा पुढच्या बाकावर घोरत कोण होतं?”