कृपया सांगावे

त्या सकाळी टॅबने रंगारीबाबांना ओळखच दाखवली नाही.

रोज पडद्यावर बोट ठेवलं की हवामान यायचं, बातम्या यायच्या, जुन्या गाण्यांचं पान यायचं. आज नुसतीच पांढरी पाटी आणि मधोमध एक चौकट: साइन इन करा. बाबांनी टॅब बंद करून चालू केला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा बंद करून चालू केला. चौकट जागची हलेना.

सून घरात असती तर तिने चुटकीसरशी सरळ केलं असतं. पण ती आज लवकर गेली होती. चहा करून झाकून ठेवला होता आणि वाक्य न देताच गेली होती.

वाक्याची गोष्ट अशी. बाबांनी जन्मभर भिंती रंगवल्या. शाळांच्या रंगवल्या, बँकांच्या रंगवल्या, पण त्या भिंतींवर मागाहून कोणी काही लिहिलं तर ते त्यांना वाचता यायचं नाही. गुडघे गेले, शिडी सुटली, बायको तर आधीच गेलेली. घरात बसून करायचं काय हा प्रश्न सुनेने सोडवला. आपला जुना टॅब तिने त्यांच्यापुढे ठेवला आणि रोज सकाळी चहाबरोबर एक वाक्य द्यायला लागली. ती बोलायची, बाबा एका बोटाने लिहायचे. 'नळाला पाणी आले.' 'मांजर कठड्यावर बसले आहे.' जोडाक्षर आलं की बोट हवेत थबकायचं. तिला कामावर जायला उशीर होत असला तरी ती घाई करायची नाही. मुलगा रात्रपाळीवरून येताना हे बघायचा आणि म्हणायचा, "मला कधी इतक्या प्रेमानं काही शिकवलं नाहीस."

"तू शिकण्याच्या पलीकडचा आहेस," ती म्हणायची.

लिहिणं जमायला लागलं तसा तिने त्यांना ब्राउझर उघडून दिला. "इथं काहीही विचारा, बाबा. हे हसत नाही आणि कंटाळत नाही."

बाबांनी ते मनावर घेतलं. फक्त त्यांची विचारायची रीत निराळी होती. लोक दोन शब्द टाकतात आणि मोकळे होतात. बाबा मोठ्या साहेबाकडे अर्ज करावा तसं अख्खं वाक्य लिहायचे आणि शेवटी 'कृपया सांगावे' जोडायचे. 'भिंतीला ओल येत असेल तर आधी काय करावे कृपया सांगावे.' उत्तर त्यांना पाठ असायचं. यंत्राला येतं का, ते बघायचे.

"कृपया नाही म्हटलं तरी चालतं हो," सून एकदा हसून म्हणाली होती.

"विचारणाऱ्यानं पायरी सोडू नये," बाबा म्हणाले होते.

टॅब पिशवीत घालून बाबा कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकान एका बाईचं, सगळे तिला दुरुस्तीताई म्हणत. आत एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग, आणि दाराबाहेर एक बाकडं. बाकड्यावर दोघं कायमचे. एक चार्जरभाऊ, जुना पहारेकरी. घरची वीज वाचवायला फोन घेऊन इथं यायचा आणि भरेपर्यंत बसून राहायचा. दुसरे अपडेटराव. कारकुनी करून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांचा एकच काढा.

"अपडेट मारलं का?" त्यांनी पिशवी बघूनच विचारलं.

"आधी बाहेर तरी काढू द्या त्यांना," दुरुस्तीताई आतून म्हणाली.

"ब्राउझर बदला, काका," चार्जरभाऊ म्हणाला. "तुमचं ते रंगीत आहे ना, ते बॅटरी पितं. मी फोनबरोबर आलेलंच वापरतो. हळू चालतं, पण खातं कमी. माझ्यासारखं."

"हळू चालतोस हे खरं," अपडेटराव म्हणाले. "खाण्याचं मी बोलत नाही. आणि ब्राउझर कुठलाही घ्या, सगळे मेले चुगलखोर. मी आपली काळी खिडकी उघडतो. गुप्त असते ना, ती."

"गुप्तपणे बघता काय एवढं?"

"हवामान."

"हवामान गुप्त?"

"मी काय बघतो ते जगाला कशाला हवं?"

बाबाही हसले. त्यांचंही मत तयार होतं, आणि ते त्यांनी या बाकड्यावर अनेकदा मांडलं होतं. "काळी नको नि गोरी नको. काम झालं की वरची फुली मारायची. आपल्या खोलीत बसून लिहिलेलं वाचायला कोण येतंय?"

दुरुस्तीताईने टॅब दिव्याखाली धरला, दोनचार ठिकाणी बोट लावलं आणि परत पुढे सरकवला.

"बिघाड काही नाही, काका. हा खात्यातून काढलाय. खातं कोणाचं होतं?"

"सुनेचं."

"मग तिनंच काढलाय. तिच्या फोनवरून."

"चुकून दाबलं गेलं असेल."

"हे चुकून होत नाही. नक्की काढायचं ना, म्हणून पुन्हा विचारतं ते."

बाबांना काही उमगेना. मग ताईने समजावून सांगितलं. एक खातं म्हणजे एक घर, एका खोलीत ठेवलेलं दुसऱ्या खोलीत दिसतं. बाबांनी इथं जे शोधलं ते सुनेच्या फोनवर, तिच्या ऑफिसातल्या संगणकावर, सगळीकडे जमा होतं. तिने नुसतं शोधायच्या चौकटीत टिचकी मारली तरी यांचे आधीचे प्रश्न खाली उलगडतात.

"फुली मारली तरी?"

"फुलीनं पान मिटतं, काका. लिहिलेलं राहतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थांबतं का?"

"अरे बाप रे," चार्जरभाऊ खुशीत म्हणाला. "म्हणजे काका, काय काय शोधलंत हो तुम्ही? सांगा, आम्हालाही कळू दे."

बाबांनी टॅब पिशवीत घातला. पिशवीचा बंद त्यांना सापडेना.

त्यांना ते वाक्य आठवलं होतं.

गेल्या महिन्यात सुनेचं मूल दुसऱ्यांदा राहिलं नाही. पहिल्या वेळेसारखंच, तिसरा महिना लागता लागता. ती चार दिवस घरी पडून राहिली आणि पाचव्या दिवशी केस विंचरून कामावर गेली. घरात कोणी काही बोललं नाही. मुलगा बोलला नाही, आणि बाबांना तर अशा वेळी बाईमाणसाशी काय बोलतात तेच माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात या बाकड्यावर अपडेटराव कोणाच्या तरी सुनेबद्दल सांगत होते. "दिवसभर त्या संगणकासमोर बसायचं. त्याचे किरण पोटात जातात. मग कशी राहायची मुलं?" त्यांनी ते बॅटरीबद्दल बोलावं तितक्या सहज सांगितलं. बाबांनी घरी आल्यावर दार लोटून एका बोटाने लिहिलं:

'सून दिवसभर संगणकासमोर बसते म्हणून तिचे मूल राहत नाही का कृपया सांगावे.'

खाली पुष्कळ काही आलं. कोणी हो म्हणत होतं, कोणी नाही. बाबांनी दोनतीन ओळी वाचल्या, मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं, आणि त्यांनी फुली मारली.

"काय लिहिलं होतं, काका?" अपडेटरावांनी आता जरा हळू विचारलं.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मत यांचं होतं. पण बोट आपलं.

"घरातलंच," ते म्हणाले.

"मग सरळ सांगा, आपोआप आलं म्हणून. ब्राउझर काहीही सुचवतो हल्ली. आपण विचारायच्या आधी तोच प्रश्न पुढे करतो. कोण तपासायला बसलंय? नाहीतर सांगा, टॅब माझ्या हातात होता. माझ्यावर टाका. मी कुठं तुमच्या घरी येतोय?"

माणूस वाईट नव्हता. बाबा पिशवी उचलून निघाले.

दुपारभर ते खिडकीशी बसून राहिले. आपोआप आलं, हे वाक्य त्यांनी मनात बोलून पाहिलं. बरं वाटत होतं. पटण्यासारखंही होतं. रंगाच्या कामात त्यांनी असे मालक पुष्कळ पाहिले होते, घर विकायच्या आदल्या आठवड्यात ओलीवर एक हात मारून घेणारे. बाबा हात मारून द्यायचे आणि मनात म्हणायचे, येईल वर. आपल्याला काय.

सून संध्याकाळी आली. चप्पल काढली, पाणी प्यायली, आणि बाबांसमोरच्या खुर्चीवर बसली. मुलगा कामावर निघून गेला होता. बाबांनी टॅब टेबलावर ठेवलेला तिला दिसला.

"टॅब मी काढला खात्यातून," ती म्हणाली.

"कळलं."

थोडा वेळ ती टेबलावरचा चहाचा डाग नखाने खरवडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "बाबा, मागे घरी कोणी आलं होतं का? तुमचे ते बाकड्यावरचे कोणी? टॅब कोणाच्या हातात दिला होतात का?"

तिने दार उघडून धरलं होतं. बाबांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. ती स्वतःच त्यांना बाहेर काढायला बघत होती, हे त्यांच्या लक्षात आलं.

"नाही," ते म्हणाले. "कोणी नव्हतं. मीच लिहिलं."

"माहीत होतं," ती म्हणाली. "'कृपया सांगावे' दुसरं कोण लिहितं?"

ती हसेल असं बाबांना क्षणभर वाटलं. ती हसली नाही.

"काल बैठक होती. माझा संगणक भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडलेला. सगळा विभाग बसलेला, साहेबसुद्धा. मला एक पान उघडायचं होतं. चौकटीत टिचकी मारली आणि खाली ते आलं. हे एवढं मोठं." तिने हात पसरले. "आणि तुम्हाला खरं सांगू? मी आधी काय पाहिलं, तर त्यात एकही चूक नव्हती. 'संगणकासमोर' बरोबर, 'कृपया' बरोबर. मला वाटलं, वा, बाबांनी कुणाला न विचारता लिहिलं. मग ते वाचलं."

बाबांनी हात मांडीवर उलटे ठेवले होते. नखांच्या कडेला जन्मभराच्या कामाचा रंग होता, तो कधी गेलाच नव्हता.

"लोक हसले?"

"एक जण हसला. 'कृपया'ला. मग त्यानं पुढचं वाचलं आणि गप्प झाला. तिथं कोणालाच माहीत नव्हतं, बाबा. सुट्टी घेतली तेव्हा ताप आहे म्हणून सांगितलं होतं." ती उठली आणि आपल्या पिशवीतून एक चपटं पाकीट काढलं. "आज सकाळी हे माझ्या टेबलावर होतं. संगणकाच्या पडद्यावर लावायची काच आहे. किरण अडवते म्हणे. कोणी ठेवली ते माहीत नाही. मायेनंच ठेवली असणार."

बाबांना पाकिटावरची अक्षरं वाचता येत होती. त्यांनी ती वाचली नाहीत.

"फेकून दे," ते म्हणाले.

"कशी फेकू? ठेवणारं माणूस रोज बघणार, लावली का नाही. लावावी लागेल."

"पोरी, मला..."

"आत्ता नको, बाबा."

मग तिने टॅब पुढे ओढला आणि त्यांच्यासाठी नवं खातं काढायला घेतलं. काम नेहमीसारखंच नीट केलं. नाव, जन्मसाल. शेवटी टॅब त्यांच्याकडे फिरवला. "आता पासवर्ड टाका. तुमचा तुम्ही. मला सांगू नका." आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

आजवर बाबांनी लिहिलेलं प्रत्येक अक्षर तिने शेजारी बसून पाहिलं होतं. बाबांनी कसाबसा पासवर्ड टाकला. पाठमोऱ्या सुनेची वेणी सैल झालेली होती, आणि खांदे एवढे बारीक कधी झाले ते त्यांना कळलं नव्हतं.

सकाळी चहा होता, वाक्य नव्हतं. ती काचेचं पाकीट पिशवीत टाकून निघून गेली. टॅबने आज बाबांना ओळख दाखवली. हवामान आलं. चौकट रिकामी होती, मागचं एकही वाक्य खाली येत नव्हतं. आता काहीही लिहिलं तरी ते कोणाच्याच भिंतीवर जाणार नव्हतं. बाबांनी चौकटीवर बोट ठेवलं. 'सुनेची माफी कशी मागावी' एवढं लिहून झालं. पुढचे दोन शब्द सवयीने बोटात आले आणि बाबा थांबले. सांगणार कोण होतं? शेवटाकडून मागे येत त्यांनी एकेक अक्षर पुसलं.

दुपारी बाकड्यावर गेले नाहीत. संध्याकाळी टॅब कपाटात ठेवला, काठी घेतली आणि बसथांब्यापर्यंत चालत गेले. एवढं अंतर त्यांचे गुडघे हल्ली चालत नसत. दोन बस माणसं उतरवून निघून गेल्या. तिसरीतून सून उतरली. बाबांना बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"घरी काही झालं का?"

"काही नाही." बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. विचारायचं वाक्य सोपं होतं. त्यात एकही जोडाक्षर नव्हतं. तरी ते तोंडातून निघेपर्यंत बस वळणापलीकडे गेली.

"बरी आहेस का?"

सुनेने खांद्यावरची पिशवी काढली.

"नाही," ती म्हणाली, आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

दोघं बाबांच्या चालीने घराकडे निघाले.