बसून पाहा

देवरावांना ते पत्र पाठ होतं, उत्तर मात्र दोन वर्षं दिलं नव्हतं. अकोल्याच्या एका जिनात, कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यावर कापूस घालणाऱ्या अकीलाबीने ते कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं : ‘साहेब, रेचा थांबवायचा दांडा तुमी उभ्या माणसाच्या मापानं बसवला. आमी बाया बसून काम करतो. हात पुरत नाई. एकदा येऊन बसून पाहा.’

अमरावतीच्या कारखान्यात या रेच्याचा नकाशा काढताना देवरावांनी दांडा स्वतः उभं राहूनच ओढून पाहिला होता. आता चूक कोणत्या शब्दांत कबूल करावी, या संकोचात पत्र खणातच राहिलं.

१९६१च्या हंगामात अकीलाबीची बाही रेच्यात सापडली. उजवा हात गेला.

देवराव अकोल्याला गेले. बंद रेच्यापुढे तिच्या जागी मांडी घालून बसले आणि हात लांबवला. दांडा वीतभर दूर राहिला.

शेजारच्या रेच्यावरची सुंदराबाई म्हणाली, “आता काहून आले, साहेब? तिनं बोलावलं तवा हात होता तिले.”

देवराव उठून जिनाच्या कचेरीत गेले. स्टेशनावर बसून त्यांनी कार्ड लिहिलं : ‘अकीलाबी, बसून पाहिलं. माझाही हात पुरला नाही. दांडा खाली घ्यायला सांगितलं आहे. चूक माझी, उशीरही माझाच.’

मग ते पुन्हा न वाचता त्यांनी टपालपेटीत टाकलं.