अनोळखी मुक्काम

"बुधवारी सकाळची शिफ्ट द्या. दुपारची मला चालणार नाही," शुभाबाई फोनवर म्हणाल्या. "दुपारी मशीनवर बसले तर निघेपर्यंत अंधार होईल, आणि अंधारात मला गाडी हलवायची नाहीये."

पलीकडे चिपळूणच्या एका डायलिसिस सेंटरमधला माणूस होता. सकाळी जागा नाही म्हणाला.

"आहे. बुधवारी सकाळी तुमचं एक मशीन रिकामं असतं. परवा तुमच्या मॅडमनीच सांगितलं मला."

पलीकडे जरा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो माणूस नरमून म्हणाला, "बरं, रिपोर्ट पाठवून ठेवा."

शुभाबाईंनी फोन मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताचा अंगठा वर केला. डावा हात हलवायची सोय नव्हती. त्यात दोन सुया होत्या आणि त्यांचं रक्त नळीतून शेजारच्या मशीनमध्ये जाऊन, स्वच्छ होऊन परत येत होतं. मुलुंडच्या या सेंटरमध्ये सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी त्या चार वर्षं येत होत्या. खिडकीजवळची खुर्ची त्यांची, हे एव्हाना सगळ्यांनी मान्य केलं होतं.

"काकू, खरंच चाललात की काय?" मशीनवरचे आकडे बघत रेवतीने विचारलं. ती तिथली टेक्निशियन.

"मग काय गंमत करतेय? बुधवार चिपळूण, शुक्रवार कुडाळ, शनिवार-रविवार वेंगुर्ल्याचा समुद्र, सोमवार कोल्हापूर. पुढच्या बुधवारी परत तुझ्यासमोर हजर."

"आणि राहणार कुठे?"

"गाडीतच. मोटरहोम भाड्याने घेतलंय. दोन पलंग, ओटा, संडास, सगळं आत. ड्रायव्हरही त्यांचाच."

"झकास! मला पण घेऊन चला ना यार!"

"तुला नेलं तर इथे सुया कोण टोचणार?"

शुभाबाई सुर्वे मुलुंडच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवत. पण शाळेत त्यांचा खरा दरारा होता तो वेळापत्रकामुळे. दर जूनमध्ये अख्ख्या शाळेचं वेळापत्रक त्या एकट्या बसवायच्या, आणि एकदा लागलेला तास मुख्याध्यापकांनाही हलवता यायचा नाही. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी प्रयोगशाळेचे आणि मैदानाचे तास टाकायचे, कारण ते सरकत नाहीत. मग उरलेल्या जागांत बाकीचे विषय कोंबायचे. सहलीचंही त्यांनी तसंच केलं होतं. आधी डायलिसिस टाकलं, मग रस्ते, मग मुक्काम. शाळेत गैरहजर शिक्षकाच्या जागी दुसरा हाताशी ठेवावा तसं प्रत्येक सेंटरसाठी जवळचं दुसरं सेंटरही त्यांनी विचारून ठेवलं होतं. डॉक्टरांनी आधी नकारार्थी मान हलवली, मग तो आराखडा बघितला आणि पाण्याचं प्रमाण सांभाळायच्या अटीवर होकार दिला.

हॉटेलांचा त्यांना उपयोग नव्हता. मशीनवरून उठलं की लगेच आडवं व्हावं लागे, आणि तेव्हा जिने, खोल्या, चाव्या हे काही झेपत नसे. जेवण बिनमिठाचं, पाणी मोजून. आपला पलंग आणि आपला ओटा बरोबर असला की कुणाला काही सांगावं लागत नाही, आणि हे न सांगणंच त्यांना सगळ्यात हवं होतं.

म्हणून रात्रीचे मुक्काम त्यांनी निवडून निवडून परक्यांचे घेतले होते. माणगावजवळ एका शाळेचं मैदान; तिथल्या मुख्याध्यापकांनी सकाळी प्रार्थनेआधी गाडी हलवायच्या बोलीवर परवानगी दिली होती. चिपळूणनंतर संगमेश्वरजवळ, हायवेलगतच्या एका आंबा बागायतदाराचं आवार. पुढे एक पेट्रोल पंप. जमीन सपाट हवी, पाणी हवं, गाडीला वीज घ्यायला प्लग हवा आणि रात्री फाटक बंद होणारं हवं. एवढं जमलं की शेवटचा प्रश्न: "तुम्ही सुर्व्यांपैकी कुणाला ओळखता का?" नाही म्हटलं की मुक्काम पक्का.

"नातेवाइकांच्या अंगणात गाडी लावायची नाही," त्यांनी नवऱ्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आठ दिवस मला कुणीही 'आता कसं वाटतंय' असं विचारायचं नाही. आठ दिवस मी पेशंट नाही. मी फिरायला निघालेली बाई आहे. कळलं?"

नंदकिशोररावांना कळलं होतं. घाटकोपरच्या एका कंपनीत हिशेब बघता बघता ते निवृत्त झाले होते, आणि काळजी करण्यात त्यांचा हात धरील असा माणूस मुलुंडमध्ये नव्हता. बायकोचं म्हणणं त्यांना पटलंही होतं. दुखणं नवं असताना तिला बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. जो तो शहाळी नाहीतर मोसंबी घेऊन यायचा, आणि तिला दोन्ही वर्ज्य. ती सगळी मोसंबी नंदकिशोरराव एकटे खात बसायचे आणि पाहुणे शुभाबाईंकडे बघून सुस्कारे सोडायचे. सहा महिन्यांत शुभाबाईंनी दार बंद केलं. कुणी यायचं नाही, असं सगळ्यांना कळवून टाकलं. जोगेश्वरीच्या चुलत जाऊबाईंना, माणिकवहिनींनाही.

हे सगळं ठाऊक असून नंदकिशोररावांनी घोळ घातलाच. गाडी संगमेश्वरवरून जाणार होती. तिथे सुर्व्यांचं घर. चुलतभाऊ मधुकर सुर्वे जोगेश्वरीची पिठाची गिरणी मुलाच्या हवाली करून वर्षातले निम्मे महिने तिथेच असायचा. आता भावाच्या दारावरून जायचं आणि त्याला न सांगता पलीकडच्या बागेत झोपायचं, हे कुठल्या सुर्व्याला जमणार? त्यांनी नुसता रस्ता कसा आहे एवढं विचारायला फोन केला.

"रस्ता कशाला विचारतोस?" मधुकरदादा म्हणाले. "कोण येतंय?"

मग काय, सगळंच बाहेर पडलं.

चार दिवसांनी दुपारी शुभाबाईंचा फोन वाजला. मधुकरदादा होते, आणि भलतेच खुशीत होते. "शुभा, अंगणात मोठा प्लग बसवून घेतलाय. वायरमनला तालुक्याहून आणला. कुंपणाचा गडगा जरा पाडलाय, गाडी सरळ आत येईल. तुला वर चढायला नको म्हणून पायरीला कठडा पण लावतोय. काही काळजी करू नको हां."

शुभाबाईंनी फोन ठेवला आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नंदकिशोरराव भेंडी चिरत होते. त्यांनी वर बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

"अहो, एक गोष्ट मागितली होती मी."

"त्याने गडगा पाडला, शुभा. मी काय त्याला पाड म्हटलं?"

"तुम्ही फोन केलात."

"केला. चुकलं. पण भाऊ आहे तो. उद्या त्याला कळलं असतं की आपण हाकेच्या अंतरावर झोपलो होतो, तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

"आणि मला? सगळी वाडी जमा होईल. कशी होती नि कशी झाली, म्हणतील. कठड्याला धरून मला उतरवतील. मग मुलुंडमध्ये राहिलेलं काय वाईट?" त्यांचा आवाज चिरकला आणि त्याचाच त्यांना राग आला. "त्यापेक्षा सहलच रद्द करते."

ही धमकी नव्हती. वेळापत्रकातला एक तास बिघडला की त्या सगळं पुसून पहिल्यापासून बसवायच्या, आणि ही सहल पुन्हा बसवण्याइतकं बळ आता आपल्यात नाही हे त्यांना आतून माहीत होतं. संध्याकाळी त्यांनी दादांना फोन करून स्पष्ट सांगितलं. तुमचं मन मोठं आहे, पण मुक्काम बागेतच होईल. तब्येतीची चौकशी नको म्हणूनच हे चाललंय. दादा म्हणाले, "माणिक सध्या जोगेश्वरीला आहे. तिला एकदा तुझ्याकडे येऊ दे. ती काहीही विचारणार नाही, मी सांगतो तिला. एवढं तरी कर."

एवढं नाकारणं शुभाबाईंनाही जमलं नाही.

माणिकवहिनी रविवारी आल्या. हातात काही नव्हतं. उभ्या आयुष्यात त्या कुणाकडे रिकाम्या हाताने गेल्या नसतील, त्यामुळे ते हात ठेवायचे कुठे हेच त्यांना कळेना. सोफ्याच्या कडेवर बसल्या, पदर सारखा केला, पंख्याकडे बघितलं.

"मेट्रोने आले थोडी," त्या म्हणाल्या. "मग रिक्षा."

"गर्दी होती?"

"नव्हती एवढी. रविवार ना."

"हं."

"फेब्रुवारीतच उकडायला लागलं यंदा."

"हो ना."

नंदकिशोरराव चहा टाकतो म्हणून आत पळाले. बाहेर दोघी बसून राहिल्या. वहिनींनी गिरणीचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, बिल्डिंगच्या लिफ्टचं सांगितलं. प्रत्येक विषय दोन वाक्यांत संपत होता. त्यांची नजर शुभाबाईंच्या लांब बाहीपर्यंत यायची आणि चटका बसावा तशी मागे फिरायची. एके काळी या दोघी गणपतीत पहाटेपासून मोदक करायला बसायच्या आणि तोंडाचा पट्टा काही बंद व्हायचा नाही. आता त्या एखाद्या बँकेत नंबर लागायची वाट बघत असल्यासारख्या बसल्या होत्या. शुभाबाईंना मनापासून वाईट वाटलं. हवं ते सगळं मिळालं होतं. कुणी काही विचारत नव्हतं, आणि ते सहन होत नव्हतं.

"वहिनी, विचारा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जे विचारायचंय ते."

"नको गो. ह्यांनी शपथ घातलीय."

"मी सोडवते शपथ. विचारा."

माणिकवहिनींचा चेहरा आक्रसला. "काय विचारू? चार वर्षं विचारतेय मी. भावजींना विचारते, तुझ्या बहिणीला विचारते, आमच्या गल्लीत एकाचं डायलिसिस होतं, त्यालासुद्धा विचारलं. फक्त तुला विचारायला मिळालं नाही. मी काय परकी होते, शुभा? मोसंबी आणली ते चुकलं माझं. मला ठाऊक नव्हतं. पण म्हणून दार बंद करायचं?"

शुभाबाईंनी डाव्या हाताची बाही वर सरकवली. कोपराच्या वर-खाली नस दोरखंडासारखी फुगली होती, सुयांच्या खुणांनी कातडी जाड झाली होती. त्यांनी वहिनींचा हात धरला आणि तिथे टेकवला.

वहिनींनी दचकून हात काढला. मग स्वतःहूनच परत ठेवला.

"अगो, हे काय थरथरतंय?"

"दोन नसा एकत्र जोडल्यात, म्हणजे मशीनला पुरेल एवढं रक्त मिळतं. ते थरथरलंच पाहिजे. थांबलं की पळायचं डॉक्टरकडे."

"गिरणी चालू असली की भिंतीला असंच लागतं," वहिनी म्हणाल्या. "रात्री पण चालतं?"

"रात्री पण. उशीवर हात आणि हातावर कान ठेवला की ऐकू येतं."

"मग झोप कशी लागते तुला?"

"त्यानेच तर लागते."

वहिनींनी मान डोलावली. बोटं तिथेच होती. मग त्यांनी एकदम विचारलं, "किती वर्षं चालेल गो हे?"

आत कपबश्यांचा आवाज थांबला. या घरात हा प्रश्न अजून कुणी मोठ्याने विचारला नव्हता.

"माहीत नाही," शुभाबाई म्हणाल्या. "डॉक्टर पण सांगत नाहीत. कुणाचं खूप वर्षं चालतं. आमच्या शिफ्टमधली दोन माणसं मात्र गेली यंदा. म्हणून म्हटलं, आत्ता फिरून घ्यावं."

"बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सुस्कारा सोडला नाही आणि डोळेही पुसले नाहीत. त्यामुळे शुभाबाईंना फार मोकळं वाटलं.

"बुधवारी रात्री येते तुमच्या अंगणात," त्या म्हणाल्या. "पण वाडीला गोळा करायचं नाही. आणि झोपणार मी गाडीतच."

"मग मी पण गाडीतच झोपते. दोन पलंग आहेत ना?"

"एक ह्यांचा आहे."

"भावजींना घरात टाकू. बसू देत दोघे भाऊ घोरत."

शुभाबाई हसल्या, अगदी खळखळून. नंदकिशोरराव ट्रे घेऊन बाहेर आले. शुभाबाईंचा चहा ठरल्याप्रमाणे अर्धा कप होता.

"अहो, बुधवारी तुमची बदली झाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरात, वहिनी गाडीत."

नंदकिशोररावांनी ट्रे ठेवला आणि ते जरा घुटमळले. "चालेल. पण वहिनी, रात्री एकदा उठाल ना? ती झोपली की तिच्या हाताला हलकेच बोटं लावून बघायचं, चालू आहे का ते. तिला जाग येत नाही."

"बघेन की," वहिनी म्हणाल्या.

शुभाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही बघता?"

"रोज," ते म्हणाले, आणि वहिनींच्या चहात साखर किती घालायची ते विचारू लागले.